धर्म तिसऱ्या दिवशी येतो

नायजेरियाच्या मध्य पट्ट्यातली बातमी आपल्याकडे येते तेव्हा ती एका वाक्याची असते. मुस्लिम पशुपालकांनी ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या गावावर हल्ला केला, अमुक इतके मेले. वाक्य खोटं नसतं. गुरं राखणारे फुलानी बहुतेक मुस्लिम आहेत. बेन्वे राज्यातले तिव आणि प्लॅटो राज्यातले बेरोम, इरिग्वे हे शेतकरी बहुतेक ख्रिस्ती. पण त्या वाक्यात गाय नसते, पीक नसतं, महिना नसतो, आणि या तिन्हींवाचून हे भांडण कळत नाही. सुरुवात बहुतेक वेळा कुणाच्या शेतात शिरलेल्या किंवा कुणीतरी पळवलेल्या गुरांपासून होते. देवाचं नाव मागाहून येतं.

आधी महिना. उत्तर नायजेरियात पावसाळा आखूड, गवत लवकर वाळतं. दक्षिणेकडे बेन्वे नदीच्या खोऱ्यात ते उशिरापर्यंत टिकतं. म्हणून साधारण नोव्हेंबरपासून कळप खाली उतरायचे आणि एप्रिल-मेमध्ये पाऊस धरू लागला की माघारी फिरायचे. त्यांना परत पाठवायला कुठला कायदा नव्हता, माशी होती. त्सेत्से माशी चावली की गुरांना नगाना होतो, जनावर खंगत जातं आणि बसतं ते उठत नाही. पावसाळ्यात खोऱ्यात माशी वाढायची, कळप निघून जायचे आणि शेतकऱ्याला पेरणीपासून काढणीपर्यंत रान मोकळं मिळायचं. पुढे रोगावर इंजेक्शनं आली, जंगल तुटलं, रानातली जनावरं संपली, माशी मागे हटली. कळप पावसाळ्यातही थांबू लागले. औषधाने गुरं वाचवली आणि शेजाऱ्यांमधलं जुनं वेळापत्रक मोडलं, हे या विषयावर बोलणारे फारसं सांगत नाहीत.

प्लॅटो राज्यातलं जॉसचं पठार याला आधीपासून अपवाद होतं. सुमारे १,२०० मीटर उंची, थंड हवा, माशी नावाला. इंग्रजांच्या अमलात तिथे कथिलाच्या खाणी निघाल्या, खाणीमागून बाजार आला, आणि फुलानी कुटुंबं बारमाही राहू लागली. त्यांची नातवंडं-पतवंडं तिथेच जन्मली.

जुना व्यवहार कसा चालायचा ते पाहिलं तर काय मोडलं ते समजतं. ज्वारी-मका निघाला की शेत कळपाला खुलं व्हायचं. गुरं ताटं खायची, रात्री तिथेच बसायची, शेण-मूत रानात पडायचं. आपल्याकडे धनगराच्या मेंढ्या शेतात बसवतात तसाच हा सौदा. शेतकरी कधी वर धान्यही द्यायचा. फुलानी बायका सकाळी डोक्यावर भोपळ्याच्या वाडग्यात नोनो, म्हणजे आंबवलेलं दूध, आणि फुरा, म्हणजे बाजरीचे उकडलेले गोळे, घेऊन शेतकऱ्यांच्या बाजारात बसायच्या. परत जाताना धान्य, मीठ घेऊन जायच्या. पुरुषांच्या बैठका वर्षातून एखाद-दोनदा व्हायच्या. बायकांचा बाजार आठवड्याला भरायचा. शांतता टिकवण्याचं खरं काम तिथे होत असे, असं माझं मत आहे. आजही एखाद्या गावात काही शिजतंय का हे ओळखायचं असेल तर नोनोवाल्या बायका बाजारात आल्या का, ते विचारावं. त्या दोन बाजार आल्या नाहीत तर समजावं की त्यांच्या वस्तीतून बायकामुलं हलवली गेली आहेत, किंवा गावाने त्यांना येऊ नका म्हणून सांगितलंय. दोन्हींचा अर्थ एकच.

आता पीक. ‘काढणी झाली की शेत खुलं’ हा नियम सगळ्यांचं पीक एकाच सुमारास निघतं या गृहीतावर उभा होता. कसाव्याने ते गृहीत मोडलं. आपला साबुदाणा ज्याच्यापासून होतो तोच हा कंद. तो वर्ष-दीड वर्ष जमिनीत राहतो, लागेल तसा उपटायचा. म्हणजे ऐन फेब्रुवारीत, जेव्हा चहूकडे करपलेलं असतं, तेव्हा हिरवं दिसतं ते कसाव्याचं शेत. गाय तिकडे वळणारच. दुसरी भर फदामाची. नदीकाठच्या ओलसर सखल जमिनीला तिथे फदामा म्हणतात. उन्हाळ्यात कळपाचं शेवटचं पाणी आणि शेवटचं गवत तिथेच असायचं. १९९० च्या दशकापासून जागतिक बँकेच्या मदतीने तिथे पंप आले, उन्हाळी टोमॅटो, मिरची, कांदा सुरू झाला. शेतकऱ्याच्या हातात पैसा आला, हे चांगलंच झालं. पण कळपाची पाण्यावर उतरायची वाट भाजीच्या वाफ्यांखाली गेली, आणि तिच्या बदल्यात दुसरी वाट कुणी दिली नाही.

तिसरी भर माणसांची. १९६३ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या साडेपाच कोटींच्या आसपास होती. आज ती २० कोटींच्या वर आहे. पडीक ठेवायची जमीन उरली नाही. त्यातच ज्वारीची ताटंही विकली जाऊ लागली, शेतकऱ्याने स्वतःचे बैल-शेळ्या ठेवल्या, पोत्यातलं खत मिळू लागलं. शेणाची गरज संपली तशी कळपाची वाट पाहणारं कुणी राहिलं नाही.

वाटांचा कायदा नव्हता असं नाही. उत्तर विभागाने १९६५ मध्ये राखीव कुरणांचा कायदा केला. ४१५ कुरणं ठरली. त्यांतली जेमतेम एक तृतीयांश राजपत्रात रीतसर लागली. बाकीची नकाशावर आहेत. त्यातून दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्या ठरतात: पशुपालक म्हणतो, ही आजोबाच्या वेळची बुर्ती, सरकारने आखलेली वाट आहे, शेतकरी म्हणतो, माझ्या आजोबाला कुणी विचारलं होतं? १९७८ च्या जमीन कायद्याने राज्यातली सगळी जमीन गव्हर्नरच्या ताब्यात दिली, पण गावात जमीन अजून घराण्याच्या आणि सरदाराच्या शब्दावर चालते. कागद एकाचा, कबजा दुसऱ्याचा, आठवण तिसऱ्याची.

एक बारीक गोष्ट सुटू नये. इंग्रजांच्या काळात गुरांवर जंगाली नावाचा कर होता. तो कुणालाच आवडत नव्हता. पण कर गोळा करायचा म्हणून स्थानिक कारभाऱ्याला कुठल्या आर्दोकडे किती गुरं आणि ती कुठे उतरली आहेत हे माहीत असायचं. आर्दो म्हणजे फुलानी वस्तीचा मुखिया. सत्तरच्या दशकात कर गेला आणि ती माहितीही गेली. पशुपालक करमुक्त झाला, त्याचबरोबर कारभाराच्या वहीतून पुसला गेला.

या सगळ्यानंतर एका रात्री कळप शेतात शिरतो. समजा बेन्वेतलं यामचं शेत आहे. याम म्हणजे आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद, तिवांचं मुख्य अन्न आणि मुख्य पैसा. मातीचे उंचवटे करून त्यात तो लावतात. मीटर-मीटरवर धरले तर एकरी सुमारे ४,००० उंचवटे. गाय वेल खाते तेवढंच नुकसान असतं तर वेल पुन्हा फुटला असता. खुराने उंचवटा फुटतो, आतला कंद उघडा पडतो किंवा चिरडतो, आणि जखम झालेला कंद टिकत नाही, कुजतो. शेत सकाळी पाहिलं तर अर्धं नुकसान दिसतच नाही. ते तीन आठवड्यांनी कळतं. भरपाईच्या भांडणाचं मूळ बऱ्याचदा एवढंच असतं.

जुनी रीत अशी. पहिल्या दिवशी सकाळी शेतकरी खुरांचा माग काढतो, गावप्रमुखाला सांगतो. गावप्रमुख आर्दोला निरोप पाठवतो. दोन्हीकडचे दोन-दोन जाणते शेतात उभे राहतात, फुटलेले उंचवटे मोजतात, आकडा ठरवतात. आर्दो ज्याची गुरं त्याच्याकडून पैसे आणतो, किंवा मुदत मागून घेतो. शेतकऱ्याला मागितलेलं सगळं कधीच मिळत नाही, मिळायचंही नसतं. त्याला सर्वांसमक्ष ‘चूक आमच्या गुरांची’ असं ऐकायला मिळतं आणि तो घरी जातो.

ही रीत कुठे तुटते, तर जवळजवळ प्रत्येक सांध्यावर. गुरं कुणाची हेच आधी कळत नाही. राखणारा चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा असतो, पगारी, आणि मालक दूर शहरात. आर्दोचा त्याच्यावर अधिकार नाही, कारण तो त्याच्या वस्तीचा नाहीच. लांबून आलेला कळप तर दुपारपर्यंत पुढे गेलेला असतो आणि निरोप जातो तो वर्षानुवर्षं शेजारी राहणाऱ्या फुलानीकडे. तो म्हणतो, माझी गुरं नव्हती. खरं बोलतो, पण विश्वास कुणाला? दुसरा सांधा पोलीस चौकीचा. तिथे तक्रार नोंदवायला पैसे, मिटवायला पैसे. भरपाईतला वाटा वाटेत गळतो. एकदा असा अनुभव आला की पुढच्या वेळी शेतकरी चौकीत जात नाही. तो गुरं धरून ठेवतो, किंवा कोयत्याने एखाद्या गाईच्या मागच्या पायाची शीर तोडतो. काही ठिकाणी पिकावर मुद्दाम विषारी फवारा मारून ठेवल्याच्या तक्रारी झाल्या आहेत.

इथे पशुपालकाचा हिशेब समजून घ्यायला हवा, नाहीतर ‘एका गाईसाठी माणसं मारली’ असं वाटून आपण थांबतो. तिथल्या चराईवर कालवड वाढून पहिल्यांदा व्यायला तीन-चार वर्षं लागतात. कळप हीच बँक, हाच हुंडा, हाच दवाखान्याचा खर्च. पंधरा गाई गेल्या तर घर बसतं. आणि गुरांच्या चोऱ्या त्या भागात सर्रास आहेत; चोरी झाल्यावर तपास होत नाही ही फुलानींची तक्रार शेतकऱ्यांच्या तक्रारीइतकीच जुनी आणि तितकीच खरी आहे.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी मारला जातो. बहुतेकदा एकटा सापडलेला: राखणारा पोरगा, किंवा लांबच्या शेतावर गेलेला म्हातारा. आता मोजायला उंचवटे नाहीत. मारणारा कोण ते कळत नाही, त्याला धरणारं कुणी नाही, आणि सूड घ्यायला तो सापडत नाही म्हणून त्याच्या जातीचा, त्याच्या देवाचा माणूस शोधला जातो. तिसऱ्या दिवशी धर्म येतो तो असा, पत्ता म्हणून. प्रेताचे फोटो फोनवरून फिरतात, त्यांत दुसऱ्याच कुठल्या वर्षीचे फोटो मिसळतात. शेतातलं भांडण एका शिवाराचं होतं. धर्माचं भांडण कुठल्याही गावात, कुठल्याही रस्त्यावर अडवलेल्या गाडीत करता येतं. साचलेल्या सगळ्या रागाला पुरेल एवढे लोक त्यात सापडतात.

२०१७-१८ सालात हे ओळीने घडलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये अडामावा राज्यात नुमानजवळ बचामा जमातीच्या टोळ्यांनी फुलानी वस्त्यांवर हल्ले केले. पुरुष कळपाबरोबर बाहेर होते. मेली ती बहुतेक बायका आणि मुलं. ४ डिसेंबरला शेकडो फुलानी हत्यारबंदांनी गावांवर उलट हल्ला केला, आणि तो थोपवायला आलेल्या हवाई दलाच्या बाँबमाऱ्यात गावंही जळाली. त्याच सुमारास बेन्वेने मोकळी चराई बंद करणारा कायदा लागू केला होता: २२ मे २०१७ ला सही, १ नोव्हेंबरपासून अंमल. कळप शेजारच्या नसरावा राज्यात सरकले, वाटेत गुरं धरली गेली, धमक्या दिल्या-घेतल्या गेल्या. २०१८ च्या पहिल्याच दिवशी बेन्वेतल्या गुमा आणि लोगो तालुक्यांत हल्ले झाले. ११ जानेवारीला बेन्वेची राजधानी मकुर्डीत ७३ शवपेट्या एकत्र पुरल्या गेल्या. जूनमध्ये प्लॅटोतल्या बार्किन लाडीत दोन दिवसांत पोलिसांच्या आकड्याप्रमाणे ८६ आणि स्थानिकांच्या सांगण्याप्रमाणे २०० हून अधिक माणसं मारली गेली. जानेवारी २०१६ ते ऑक्टोबर २०१८ या काळात अशा हिंसेत किमान ३,६४१ बळी गेल्याची मोजणी अॅम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने केली.

मग हे धर्मयुद्ध आहे का? ज्यांना पाहिजे त्यांनी झामफारा राज्याकडे पाहावं. तिथे शेतकरी हौसा, पशुपालक फुलानी, दोघेही मुस्लिम, एकाच मशिदीत नमाज पढणारे. तिथेही कुरणं नांगरली गेली, गुरं चोरीला गेली, गावरक्षक टोळ्यांनी दिसेल त्या फुलानीला मारलं, मग फुलानी पोरांनी बंदुका घेतल्या, आणि त्यातून अपहरण-खंडणीच्या टोळ्यांचं राज्य उभं राहिलं. धर्म नसतानाही यंत्र तसंच चाललं. पण यावरून ‘धर्माचा संबंधच नाही’ म्हणणं हाही आळसच. मध्य पट्ट्यातल्या डोंगरी जमातींच्या स्मरणात उस्मान दान फोदियो या फुलानी धर्मगुरूचा १८०४ चा जिहाद आणि त्यानंतरच्या शतकभरातले गुलामांसाठीचे छापे ताजे आहेत. पुढे मिशनरी आले, आणि ख्रिस्ती होण्यात उत्तरेच्या अमिरांपुढे न झुकण्याचाही अर्थ मिसळला. त्यामुळे नाताळच्या तोंडावर, डिसेंबर २०२३ मध्ये, प्लॅटोतल्या बोक्कोस भागातल्या गावांवर हल्ले होऊन दोनशेच्या घरात माणसं गेली तेव्हा तिथल्या माणसाला ‘हे कुरणाचं भांडण आहे’ असं सांगणं म्हणजे त्याच्या मृतांचा अपमान आहे.

हवामानबदलाचं स्पष्टीकरणही मला अर्धवट वाटतं. चाडचं सरोवर आटलं, म्हणून कळप दक्षिणेला आले, असं भाषणांत ऐकू येतं. वाळवंट सरकतंय, पाऊस बेभरवशाचा झालाय, हे खरं. पण चाड सरोवर बेन्वेपासून शेकडो किलोमीटरवर आहे, आणि जॉसच्या पठारावरची कुटुंबं तर तिथेच जन्मली आहेत. हे कारण सरकारला सोयीचं आहे, कारण पावसावर खटला भरता येत नाही.

खटला भरायचाच तर तो मूळनिवासी दाखल्यावर भरावा. नायजेरियात सरकारी नोकरी, विद्यापीठातली जागा, शिष्यवृत्ती यासाठी तालुका कचेरीचा ‘इथलाच’ असल्याचा दाखला लागतो, आणि तो जन्मावर मिळत नाही, वंशावर मिळतो. जॉसमध्ये तीन पिढ्या काढलेल्या हौसा-फुलानीला तो नाकारला जाऊ शकतो. म्हणून कचेरी कुणाच्या हातात याला जीवनमरणाचं महत्त्व येतं. १९९१ मध्ये लष्करी राजवटीने जॉस नॉर्थ हा नवा तालुका काढला तेव्हापासून शहर धुमसत होतं: १९९४ ची दंगल, सप्टेंबर २००१ मध्ये हजारभर मृत्यू, २००८ च्या तालुका निवडणुकीनंतर पुन्हा, २०१० मध्ये जानेवारीत कुरू करामात मुस्लिम, मार्चमध्ये डोगो नहावात ख्रिस्ती मारले गेले. शहरातला हा राग आणि खेड्यातलं गुराचं भांडण एकमेकांना सरपण पुरवतात. प्रत्येक दंगलीनंतर आयोग नेमला गेला: फिबरेसिमा, निकी टोबी, अजिबोला. अहवाल झाले. त्यांतल्या शिफारशी बव्हंशी कपाटात राहिल्या.

गुरं बांधून पाळा, हा उपाय सगळे सुचवतात, आणि अखेर तिकडेच जावं लागेल. मे २०२१ मध्ये दक्षिणेतल्या राज्यांच्या गव्हर्नरांनी असाबा शहरात बसून मोकळी चराई बंद करायचं ठरवलं. जरा आकडेमोड करून पाहू. २५० किलोच्या गाईला रोज वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे सव्वासहा किलो सुकं वैरण. ५० गाईंना दिवसाला तीनशे किलोच्या वर. सहा कोरड्या महिन्यांना सुमारे ५६ टन, शिवाय दर गाईमागे तीस-चाळीस लिटर पाणी, रोज. एवढं वैरण पिकवायला ओलिताची जमीन लागते, आणि ज्याच्याकडे दाखला नाही त्याला ती कुणी देत नाही. केंद्राने २०१९ मध्ये पशुपालकांच्या वसाहतींची रुगा योजना आणली. आमच्या जमिनी बळकावणार, अशी ओरड झाली आणि जुलैतच ती गुंडाळली. २०२४ मध्ये पशुधनाचं स्वतंत्र मंत्रालय निघालं. कायदा आधी, वैरण नंतर, हा क्रम उलटा आहे. बेन्वेत तोच झाला.

तोवर जे चालतं ते लहान आहे. हंगामापूर्वी दोन्ही बाजूंनी बसून कळप शेतात कधी उतरायचे ती तारीख ठरवणं. रात्रीची चराई बंद, पोराबरोबर मोठा माणूस. उंचवट्यामागे भरपाईचा दर आधीच ठरवणं, म्हणजे शेतात उभं राहून घासाघीस नको. आणि कुजण्याचं नुकसान धरायला तीन आठवड्यांनी दुसरी पाहणी. पैसे देताना दोन्हीकडची माणसं हजर. चोरीला गेलेल्या गुरांसाठी शेतकऱ्यांनीही माग काढायला जाणं; हे कलम विसरलं की बाकीची कलमं एका वर्षात मरतात. कदुना शहरात इमाम मुहम्मद अशाफा आणि पास्टर जेम्स वुये १९९५ पासून अशा बैठका घडवत आले आहेत. दोघेही आधी एकमेकांविरुद्धच्या टोळ्यांत होते; वुये यांचा हात अशाच एका दंगलीत गेला. अशा माणसांपुढे कुणाला सात्त्विक भाषण करता येत नाही, हा त्यांचा मोठा उपयोग.

२३ जून २०१८ ला बार्किन लाडीतल्या नघार गावात इमाम अब्दुल्लाही अबुबकर यांनी पळत आलेल्या २६२ ख्रिस्ती माणसांना मशिदीत आणि स्वतःच्या घरात लपवलं आणि दाराशी आलेल्या हल्लेखोरांपुढे लोळण घेतली. त्यांच्या धैर्याचं कौतुक जगभर झालं, ते योग्यच. कमी बोललं गेलं ते असं की ती मशीद स्थानिक ख्रिस्तींच्या संमतीने उभी राहिली होती, आणि म्हातारे इमाम त्या माणसांना चेहऱ्याने ओळखत होते. दाखल्याच्या हिशेबात न बसणारी ती जुनी शेजारओळख त्या दुपारी कामाला आली.

हल्ल्यानंतर छावणीत तांदूळ येतो, गाद्या येतात. याम मात्र बियाण्याच्या कंदांपासून लावतात. काढलेल्या पिकाचा पाव ते तिसरा हिस्सा पुढच्या लागवडीसाठी राखावा लागतो. अडीचशे ग्रॅमचा तुकडा धरला तरी एकरी टनभर. जळालेल्या कोठारात तेच असतं. एप्रिलपर्यंत ते हातात पडलं नाही तर ते वर्ष गेलं, आणि ओसाड शेतात गवत उगवतं. गवत उगवलं की कळप येतात. दोन हंगामांनी शेतकरी परततो तेव्हा ती जमीन कुणाची, असा नवाच वाद उभा असतो. पुनर्वसनाच्या यादीत बियाण्याचे कंद आणि पशुपालकासाठी दोन-चार कालवडी पहिल्या महिन्यात का नसतात, हे त्या याद्या करणाऱ्यांना विचारायला हवं.